आखातातली पहिली नर्सिंगची नोकरी : तयारी गावाकडूनच सुरू होते



सुट्टीत गावी गेलं की एक प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांना हमखास विचारला जातो. "आमच्या धाकटीनं नर्सिंग केलंय, तुमच्याकडे दुबईत बघा ना काहीतरी!" विचारणारे कधी मामा असतात, कधी शेजारचे काका, कधी शाळेतल्या मित्राची बहीण. आम्ही पडलो संगणकवाले, आमचा आणि दवाखान्याचा संबंध फक्त पोराच्या सर्दीपुरता. "बघतो हं" म्हणून वेळ मारून नेणं सोपं असतं, पण मग ती मुलगी कुठल्यातरी एजंटाच्या दारात जाऊन उभी राहते आणि घरचे सोसायटीचं कर्ज काढतात. म्हणून गेल्या काही वर्षांत अशा चार-सहा मुलींचे कागद लावून देताना जे समजलं, आणि इथल्या रुग्णालयांत काम करणाऱ्या ताया-वहिनींनी जे सांगितलं, ते एकदा नीट लिहून काढायचं ठरवलं. गावाकडून पुन्हा फोन आला की हा लेख पुढे पाठवून द्या.

सगळ्यात आधी मुख्य मुद्दा. यूएईत नर्सचं सर्टिफिकेट नुसतं बघून कोणी समाधानी होत नाही. ते ज्या संस्थेनं दिलं तिला एक तिसरी कंपनी पत्र पाठवून विचारते, "हे तुम्हीच दिलंत का?" तिकडून उत्तर आलं तरच गाडी पुढे सरकते. याला पडताळणी म्हणतात आणि हे काम बहुतेक वेळा डेटाफ्लो नावाच्या कंपनीकडे असतं. कॉलेज, नर्सिंग कौन्सिल आणि जिथे नोकरी केली ते रुग्णालय, तिघांनाही पत्र जातं. हुशार, मेहनती, फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या मुलींचीही गाडी इथेच अडकलेली आम्ही पाहिली आहे. त्यामुळे तयारी म्हटलं की परीक्षेची पुस्तकं आठवतात, पण खरी तयारी फाईलची असते आणि ती महाराष्ट्रात असतानाच करावी लागते.

कुठल्या अमिरातीचा परवाना?

नर्सचा परवाना, म्हणजे लायसन्स, इथे साऱ्या देशाला मिळून एक नाही. दुबईसाठी डीएचए म्हणजे दुबई हेल्थ अथॉरिटी. अबु धाबी आणि अल ऐनसाठी डीओएच म्हणजे डिपार्टमेंट ऑफ हेल्थ. (२०१८ पूर्वी याचं नाव 'हाद' होतं. जुनी मंडळी अजूनही "हादची परीक्षा" असंच म्हणतात, तेव्हा गोंधळू नका.) शारजा, अजमान, उम्म अल कुवैन, रास अल खैमा आणि फुजैरासाठी केंद्राचं आरोग्य मंत्रालय, म्हणजे मोहॅप. पात्रतेचे निकष मात्र तिघांनी मिळून एकाच दस्तऐवजात दिले आहेत, त्याला पीक्यूआर म्हणतात. तो या संस्थांच्या संकेतस्थळांवर फुकट वाचता येतो. एजंट ज्या 'आतल्या माहिती'चे पैसे घेतात ती बरीचशी हीच.

पीक्यूआर दरवेळी नव्याने उघडून बघा, कारण अनुभवाच्या अटी गेल्या काही वर्षांत बदलत आल्या आहेत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र जुन्याच अटी फिरत राहतात. शिवाय परवान्याची अट वेगळी आणि रुग्णालयाची मागणी वेगळी. नोकरीच्या जाहिरातीत दोन वर्षांचा अनुभव सर्रास मागितलेला असतो, म्हणून आम्ही तरी सगळ्यांना दोन वर्षांचाच हिशेब धरायला सांगतो.

शिक्षणाचंही असंच. बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या मुलीचा रस्ता सगळ्यात सरळ आहे. जीएनएम झालेल्यांनी आपल्याला कोणत्या पदाचा परवाना मिळेल हे आधी तपासावं, मगच पैसे भरावेत. पदवीच्या अटीमुळे इथल्या काही भारतीय पदविकाधारक नर्सेसवर नोकरी जाण्याची किंवा खालच्या पदावर जाण्याची वेळ आली होती. एएनएम झालेल्या मुलीला 'रजिस्टर्ड नर्स' म्हणून कोणी नेतो म्हणाला, तर तो खोटं बोलतो आहे असं खुशाल समजा.

पहिली नोकरी कुठे करायची?

हा प्रश्न दुबईचा नाही, सातारा-सांगली-लातूरचा आहे. नर्सिंग संपलं की घराजवळच्या नर्सिंग होममध्ये नोकरी लागते. एक डॉक्टर, दहा-पंधरा खाटा, नेमणुकीचं पत्र नाही, पगार पाकिटातून. काम भरपूर असतं आणि शिकायलाही मिळतं, ते आम्ही नाकारत नाही. पण दोन वर्षांनी डेटाफ्लोची ईमेल त्या नर्सिंग होमला जाते तेव्हा काय होतं? ईमेलचा पत्ता असतो डॉक्टरांच्या मुलाच्या नावाचा, मुलगा पुण्याला. किंवा तिथल्या सिस्टर "असल्या ईमेल फसव्या असतात" म्हणून ती उडवून टाकतात. (त्यांचंही चूक नाही, हल्ली असतातच फसव्या.) उत्तर आलं नाही की अहवालात "पडताळणी होऊ शकली नाही" असा शेरा येतो आणि दोन वर्षांची रात्रपाळी कागदावर शून्य होते. आमच्या माहितीतल्या एका मुलीचं रुग्णालयच दरम्यान बंद पडलं. डॉक्टर भले होते, त्यांनी स्वतः फोन करून खात्री दिली, पण फोनवरची खात्री कोणी धरत नाही.

तेव्हा पहिली नोकरी निवडताना पगार हजार-दोन हजारांनी कमी असला तरी चालेल, पण जिथे एचआर विभाग आहे, रुग्णालयाच्या स्वतःच्या नावाचा ईमेल आहे आणि नेमणुकीचं पत्र मिळतं अशी जागा बघा. जिल्ह्याच्या ठिकाणचं मोठं खासगी किंवा ट्रस्टचं रुग्णालय, मेडिकल कॉलेजला जोडलेलं रुग्णालय, सरकारी कंत्राटी नोकरी, यातलं काहीही चालेल. पगार बँकेत जमा होऊ द्या. सोडताना अनुभवाचं पत्र लेटरहेडवर घ्या. त्यात पद, वॉर्ड, पूर्णवेळ असल्याचा उल्लेख आणि रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख हवी. ती तारीख नेमणुकीच्या पत्रातल्या तारखेशी जुळते का हे तिथेच उभं राहून बघा. एका दिवसाच्या फरकानेही उलटतपासणी सुरू होते. आणि मेट्रन किंवा एचआरमधल्या माणसाला सांगून ठेवा की पुढे कधीतरी अशी ईमेल येईल. ती आली की एक फोन करावा लागतो, आणि फोन करायला ओळख जपावी लागते.

एक गोष्ट हात जोडून. अनुभव कमी पडतो म्हणून ओळखीच्या डॉक्टरांकडून न केलेल्या नोकरीचं पत्र घेऊ नका. खोटा कागद सापडला की ते प्रकरण त्या एका अर्जापुरतं राहत नाही. शेजारच्या आखाती देशांतल्या आरोग्य खात्यांसाठीही डेटाफ्लोच काम करते, त्यामुळे सगळीच दारं एकदम बंद होऊ शकतात.

नावाचा घोळ

हा खास आपला मराठी प्रश्न आहे. केरळच्या मैत्रिणींना तो इतका छळत नाही.

बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आपलं नाव आडनावापासून सुरू होतं, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि बाकीची नावं वेगळ्या रकान्यात. कौन्सिलच्या नोंदणीत तिसरीच तऱ्हा. त्यात इंग्रजी स्पेलिंगची मजा. वडील एका ठिकाणी दत्तात्रय, दुसऱ्या ठिकाणी शेवटी एक 'ए' जास्त. लक्ष्मण कुठे 'एक्स' घालून, कुठे 'केएसएच' घालून. आपल्याला वाटतं, कळतंय की एकच माणूस आहे! पण पडताळणी करणारा माणूस कुठल्यातरी तिसऱ्या देशात बसलेला असतो. त्याला दत्तात्रय म्हणजे कोण हे ठाऊक नसतं, तो अक्षरं मोजतो.

मग लग्न होतं. आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, आणि काही घरांत ताटातल्या तांदळावर अंगठीने पहिलं नावही नवीन लिहिलं जातं. पदवी सुनीता दत्तात्रय पाटीलची आणि पासपोर्ट सायली अमोल देशमुखचा, अशी वेळ येते. घरात हौसेनं नाव ठेवायला कोणाचीच हरकत नाही, पण सरकारी कागदावर ते चढवण्याआधी थांबा. लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदललंच पाहिजे अशी सक्ती भारतात नाही. ज्या मुलीला आखातात नोकरी करायची आहे तिने परवाना हातात येईपर्यंत माहेरचंच नाव ठेवावं, हे आमचं स्पष्ट मत आहे. सासूबाईंना समजावण्याचं काम जावईबापूंनी करावं.

नाव आधीच बदललं असेल तरी मार्ग आहे, फक्त पायऱ्या वाढतात. लग्नाचा नोंदणी दाखला हवा, कार्यालयातली पत्रिका आणि फोटो चालत नाहीत. पहिलं नावही बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची नोंद करून घ्या. मग महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीत नवं नाव लावून घ्या, म्हणजे निदान पासपोर्ट आणि कौन्सिल एका बाजूला येतात. पदवीवरचं जुनं नाव आणि नवं नाव यांना जोडणारा दुवा म्हणून दाखला आणि राजपत्र कायम फाईलमध्ये असू द्या. लग्नाचा दाखला पुढे नवऱ्याला किंवा मुलांना व्हिसावर आणतानाही लागतो, तेव्हा तो एकदाच नीट करून ठेवलेला बरा.

आणखी एक, काही पासपोर्टांवर आडनावाचा रकाना रिकामाच असतो, सगळं नाव एकाच रकान्यात. २०२२ च्या नोव्हेंबरात अशा एकेरी नावाच्या प्रवाशांना भेटीच्या व्हिसावर यूएईत प्रवेश मिळणार नाही असं विमान कंपन्यांनी जाहीर केलं, तेव्हा बऱ्याच लोकांची विमानतळावर धावपळ झाली होती. पासपोर्ट तसा असेल तर आधी तो दुरुस्त करा.

कुठला कागद आधी, कुठला नंतर

आमच्या धंद्यात एखादं काम दुसऱ्यावर अवलंबून असेल तर ते कुठल्या क्रमाने करायचं याचं आधी चित्र काढतात. इथेही तसंच करावं, कारण काही कागद कायम टिकतात आणि काही शिळे होतात.

टिकणारे आधी. दहावी-बारावी, नर्सिंगच्या सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं पदवी प्रमाणपत्र (तात्पुरतं नव्हे, पक्कं), कौन्सिलची नोंदणी. कौन्सिलच्या नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, तेव्हा ती जिवंत आहे ना हे बघा. मूळ प्रमाणपत्रांना प्लास्टिकचं लॅमिनेशन करू नका! आपल्याकडे आई-वडील कौतुकानं करतात, पण शिक्के मारायचे असतात कागदाच्या पाठीवर, आणि लॅमिनेशन सोडवताना कागद फाटतो.

हे शिक्के म्हणजे अटेस्टेशन. आधी राज्य शासन, मग दिल्लीचं परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईची वकिलात आणि शेवटी इथलं परराष्ट्र मंत्रालय. 'अपॉस्टिल' नावाचा एक सोपा शिक्का असतो, तो युरोपातल्या बहुतेक देशांना चालतो. यूएई त्या करारात नाही, त्यामुळे तेवढ्यावर इथे भागत नाही. पडताळणी आणि अटेस्टेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही लक्षात ठेवा. एक झाली म्हणजे दुसरी झाली असं नाही.

शिळा होणारा कागद म्हणजे कौन्सिलचं 'गुड स्टँडिंग' प्रमाणपत्र, आपल्यावर कोणतीही कारवाई नाही असं सांगणारं. ते काही महिनेच धरलं जातं. उत्साहानं सगळ्यात आधी तेच काढलं तर बाकीचं होईपर्यंत त्याची मुदत संपते. ते अर्जाच्या तोंडावर काढा. बीएलएस, म्हणजे जीव वाचवण्याच्या प्राथमिक उपचारांचं अमेरिकन हार्ट असोसिएशनचं कार्ड, दोन वर्षं चालतं, तेही फार आधी नको. अतिदक्षता विभागात काम करायचं असेल तर एसीएलएसही करून टाका. हेपॅटायटिस बीच्या लशीची नोंद विद्यार्थिदशेत घेतलेल्या डोसांपासून जपून ठेवा, रुग्णालयं ती मागतात.

परीक्षा

दुबईची परीक्षा प्रोमेट्रिकच्या केंद्रात होते, अबु धाबीची पिअर्सन व्ह्यूच्या. दोन्ही संगणकावर, पर्याय निवडण्याच्या. महत्त्वाचं म्हणजे ती भारतात बसूनच देता येते. परीक्षेसाठी भेटीचा व्हिसा काढून दुबईत येण्याची, बहिणीच्या सोफ्यावर दोन महिने काढण्याची काहीही गरज नाही. दुबईचा अर्ज 'शेरियान' या डीएचएच्या संकेतस्थळावर करायचा असतो आणि तो उमेदवार स्वतः करू शकते.

आपल्या विद्यापीठात मोठी उत्तरं लिहायची सवय असते, "व्याख्या लिहा, कारणे लिहा, परिचर्या लिहा". इथे प्रश्न येतो की चार रुग्ण आहेत, आधी कोणाकडे जाल? चारही पर्याय बरोबरच वाटतात. श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण हा क्रम डोक्यात पक्का असेल तर निम्मे प्रश्न सुटतात असं आमच्या एका वहिनींचं म्हणणं आहे, आणि त्यांनी पहिल्या झटक्यात परीक्षा काढली होती. औषधांची मूळ नावं पाठ करा, आपल्याकडची कंपनीची नावं तिथे नसतात. त्यातही एका औषधाची दोन नावं असतात. पॅरासिटामॉललाच अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात आणि अ‍ॅड्रिनॅलिनला एपिनेफ्रिन.

गणित सोडू नका. ५०० मिली सलाईन ४ तासांत द्यायचं आहे आणि सेट २० थेंबांना १ मिली देणारा आहे, तर मिनिटाला किती थेंब? ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटं, म्हणजे साधारण ४२. किंवा ५०० मिलीमध्ये २५,००० युनिट हेपॅरिन आहे आणि तासाला १,००० युनिट द्यायचे आहेत. १ मिलीत ५० युनिट, म्हणजे तासाला २० मिली. आपल्या वॉर्डात बरेचदा नजरेनं थेंब लावतात आणि लागतातही बरोबर, पण परीक्षेत नजर चालत नाही आणि इथल्या वॉर्डातही नाही.

बायोडेटा आणि मुलाखत

आपल्या मुली स्वतःबद्दल इतकं कमी लिहितात की वाचवत नाही. "जनरल वॉर्डात काम केले." संपलं! अगं, पण वॉर्ड किती खाटांचा? शस्त्रक्रियेचा की औषधोपचाराचा? रात्री किती सिस्टर असायच्या? व्हेंटिलेटर, सिरिंज पंप, मॉनिटर यातलं काय हाताळलंस? समजा ४० खाटांच्या सर्जिकल वॉर्डात रात्री दोघी असायच्या, तर तेच लिहा, ते वाचून मेट्रनला सगळं चित्र दिसतं. दोन पानं पुरतात. महिना आणि वर्ष लिहून सगळा काळ सलग दाखवा. सहा महिने घरी होतात तर तसं लिहा, लपवलेला खंड मुलाखतीत जास्त महाग पडतो. भाषांच्या रकान्यात हिंदी ठळक लिहा. इथे पाकिस्तानी, बांगलादेशी, नेपाळी रुग्ण खूप असतात आणि हिंदी बऱ्याच जणांना समजते.

मुलाखत बहुधा व्हिडिओवर होते. इथल्या अनेक मोठ्या रुग्णालयांना जेसीआय नावाचं आंतरराष्ट्रीय मानांकन आहे आणि त्याची रुग्णसुरक्षेची सहा उद्दिष्टं मुलाखतीत फिरून फिरून येतात : रुग्णाची नेमकी ओळख पटवणं, निरोपांची स्पष्ट देवाणघेवाण, जोखमीच्या औषधांची काळजी, योग्य रुग्णावर योग्य जागी योग्य शस्त्रक्रिया, संसर्ग रोखणं आणि रुग्ण पडू न देणं. पाठ म्हणून दाखवू नका, प्रत्येकाला आपल्या वॉर्डातलं एक उदाहरण तयार ठेवा.

यातला दुसरा मुद्दा आपल्याकडच्या मुलींना जड जातो. आपल्या वॉर्डात डॉक्टर म्हणजे 'सर', त्यांनी सांगायचं आणि सिस्टरनं मान हलवायची. इथे फोनवर डोस सांगितला तर तो लिहून घेऊन परत वाचून दाखवायचा असतो, आणि चुकीचा वाटला तर तसं विचारायचं असतं. "डॉक्टरांनी चुकीचा डोस लिहिला तर काय कराल?" हा प्रश्न आला की पुष्कळ जणी गप्प बसतात किंवा "सरांना कसं विचारणार?" असा चेहरा करतात. औषध थांबवीन, डॉक्टरांना विचारीन, इनचार्जना कळवीन, नोंद करीन, हे उत्तर घरी आरशासमोर मोठ्याने म्हणून बघा. सवयीचा प्रश्न आहे, बुद्धीचा नाही.

अरबीची भीती बाळगू नका. 'अलम' म्हणजे दुखणं, 'माय' म्हणजे पाणी, आणि 'दवा' म्हणजे दवाच!

पैसे आणि एजंट

इथला कामगार कायदा (२०२१ चा ३३ क्रमांकाचा, फेब्रुवारी २०२२ पासून लागू) सांगतो की नोकरभरतीचा खर्च कामगाराकडून, सरळ किंवा आडमार्गाने, वसूल करता येत नाही. भारतात नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क घेता येतं, पण त्याची कमाल मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी इतकीच आहे. त्यामुळे "चार लाख द्या, दुबईची नोकरी पक्की" म्हणणारा माणूस दोन्ही देशांच्या कायद्याबाहेर बोलतो आहे. २०१५ साली कोचीच्या एका एजन्सीने कुवेतच्या नोकरीसाठी नर्सेसकडून १९,५०० रुपयांच्या जागी सुमारे साडेएकोणीस लाख घेतल्याचा आरोप झाला आणि प्रकरण सीबीआयकडे गेलं. त्याच वर्षी भारत सरकारने आखातासह १८ देशांत नोकरीला जाणाऱ्या नर्सेसना, पासपोर्ट ईसीएनआर असला तरी, स्थलांतराची परवानगी बंधनकारक केली. ती ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावरून होते. एजंटाचा नोंदणी क्रमांकही तिथेच तपासता येतो. क्रमांक विचारल्यावर जो चिडतो त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

मोठ्या रुग्णालय समूहांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवर जागा निघतात, तिथे थेट अर्ज करा. भेटीच्या व्हिसावर येऊन "आधी कामाला लाग, व्हिसा नंतर बदलू" असं कोणी म्हटलं तर सरळ नाही म्हणा. परवान्याशिवाय रुग्णाला हात लावणं बेकायदा, आणि विनापरवाना कामावर ठेवणाऱ्याला २०२४ च्या दुरुस्तीनंतर १ लाख ते १० लाख दिरहम दंड आहे.

नोकरीचं पत्र आलं की एकूण आकडा बघून हुरळून जाऊ नका, मूळ पगार किती ते बघा, कारण नोकरी सोडतानाची ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मिळते : पहिली पाच वर्षं दरवर्षी २१ दिवसांची, पुढे ३० दिवसांची. राहण्याची सोय, ने-आण, गावी जायचं तिकीट, प्रोबेशन (कायद्याने जास्तीत जास्त सहा महिने), आणि मध्ये सोडल्यास काही भरपाई मागतात का, हे वाचा. कामगार मंत्रालयाचं ऑफर लेटर कामगाराला समजेल अशा भाषेतही मिळतं. त्या यादीत हिंदी आहे, मराठी नाही. पासपोर्ट मालकाने ठेवून घेणं बेकायदा आहे. अडचण आलीच तर दुबईच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा फुकट क्रमांक ८०० ४६३४२ आहे.

ज्या इथेच आहेत त्यांच्यासाठी

आपल्या मंडळींतही लग्नानंतर नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या, नर्सिंग झालेल्या कितीतरी जणी आहेत. नवऱ्याच्या व्हिसावर राहूनही नोकरी करता येते, रुग्णालय कामाचा परवाना काढतं. अडचण काळाची असते. मूल लहान आहे, पुढच्या वर्षी बघू, असं करता करता कामातला खंड वाढतो, आणि खंड मोठा झाला की परवान्याच्या अटीही वाढतात. मध्यंतरी क्लिनिकमध्ये रिसेप्शनवर बसलात तर ते नर्सिंगचा अनुभव म्हणून धरलं जात नाही. नोकरी लगेच करायची नसली तरी पडताळणी आत्ताच सुरू करा, ती घरी बसून होते, आणि मुख्य म्हणजे तुमचं जुनं रुग्णालय आज उत्तर देतंय, उद्याचं कोणी सांगावं.

मूळ कागद बहुधा माहेरच्या कपाटात असतात. पुढच्या सुट्टीत गेल्यावर ती फाईल आठवणीनं काढा. कौन्सिलचं काम मुंबईत, विद्यापीठाचं नाशिकला, लग्नाचा दाखला जिथे लग्न झालं तिथे. त्यासाठी सुट्टीचे पहिले दिवस राखून ठेवा. शेवटच्या आठवड्यात हमखास एखादी सरकारी सुट्टी येते आणि साहेब रजेवर असतात.